अंगातला दुष्काळ

बीपी शरीरात कुठून येतं असं विचारलं की बहुतेक लोक डोक्याला हात लावतात. काही जण छातीवर ठेवतात. पाठीमागं, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला बोट दाखवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि मी निम्मं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात औषधाच्या दुकानात उभं राहून काढलंय. बीपीच्या गोळीला आमच्याकडं ‘प्रेशरची गोळी’ म्हणतात. मागावरून थेट आलेले, भुवयांवर सुताचा भुगा बसलेले कामगार ती मागतात. वळलेल्या विड्या कारखान्यात देऊन परतणाऱ्या मावश्या मागतात. टॉवेलचे कारखानदारही मागतात. रोगाच्या बाबतीत सगळ्यांचं निदान एकच : टेन्शन. ‘मालक, सुताचा भाव बघा आन् माझं प्रेशर बघा, दोन्ही संगंच वर जातंय,’ असं एका कारखानदारानं मला सांगितलं होतं. त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही, कारण त्या आठवड्यात दोन्ही खरोखरच वर गेलं होतं.

टेन्शन खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडं पुढं येतोच. पण दाब किती ठेवायचा याचा हिशेब ज्या अवयवात होतो, तो आपल्या बोलण्यात येतच नाही. किडनी म्हटलं की आपल्याला मुतखडा आठवतो, नाहीतर डायलिसिस. ती दाबाची धनी आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. यात लोकांना हसायचं कारण नाही. डॉक्टर मंडळींनाही ते पटायला चांगली पस्तीस-चाळीस वर्षं लागली.

रक्तदाब सहज मोजता येऊ लागला तो १८९६ नंतर, इटलीतल्या रिवा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून पारा वर चढवला तेव्हापासून. नेमक्या त्याच सुमाराला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन सशांच्या किडन्या वाटत बसले होते. किडनी वाटायची, तिचा अर्क गाळायचा, दुसऱ्या सशाच्या शिरेत सोडायचा आणि दाब बघायचा. दाब चढला. त्यातही गंमत अशी की किडनीच्या बाहेरच्या थराचा, कॉर्टेक्सचा अर्क दिला तर चढायचा, आतल्या गाभ्याचा दिला तर नाही. म्हणजे जे काही होतं ते किडनीच्या एका ठराविक भागातच तयार होत होतं. त्यांनी त्याला रेनिन म्हटलं आणि १८९८ साली शोधनिबंध छापला. मग काय झालं? काहीच नाही. टिगरस्टेट दुसऱ्या कामाला लागले आणि रेनिन जवळजवळ विसरलं गेलं.

ते परत वर आलं १९३४ मध्ये, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला. हॅरी गोल्डब्लाट हे पॅथॉलॉजिस्ट. ज्यांना आयुष्यभर बीपी होतं अशांच्या किडनीतल्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या त्यांनी शवविच्छेदनात वारंवार पाहिल्या होत्या. तेव्हाचं सर्वमान्य मत असं की आधी बीपी होतं आणि त्यामुळं वाहिन्या खराब होतात. गोल्डब्लाटना वाटलं, उलटं असलं तर? त्यांनी कुत्र्याच्या दोन्ही किडन्यांकडं जाणाऱ्या धमन्यांना चांदीचे बारीकसे चिमटे लावले. धमन्या पूर्ण बंद केल्या नाहीत, नुसत्या आवळल्या. कुत्र्याचा दाब चढला आणि चढलेलाच राहिला. रक्त कमी पोचतंय अशी किडनीची समजूत झाली, आणि तिनं सगळ्या शरीराचा दाब वाढवून आपला वाटा वसूल केला. वैद्यकाच्या इतिहासातला हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात यंत्रं थोडी आहेत आणि शंका मोठी आहे.

आता ते रेनिन किडनीत नेमकं कुठं तयार होतं? प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, आणि त्या गुंत्यात रक्त आणून सोडणारी एक बारीक धमनी. या धमनीच्या भिंतीत, गुंत्याच्या अगदी दाराशी, काही पेशी असतात. त्यांचं नाव जक्स्टाग्लोमेरुलर. फार्मसी कॉलेजात हे नाव तोंडी परीक्षेत नीट उच्चारलं तरी निम्मे मार्क पडायचे. या पेशींच्या पोटात रेनिनचे कण भरून तयार असतात. ते कधी सोडायचे हे तीन गोष्टींवरून ठरतं. धमनीची भिंत पुरेशी ताणली जात नसेल, म्हणजे दाब पडला असेल तर. दुसरं, मीठ कमी झालं असेल तर. या दुसऱ्याची रचना इतकी देखणी आहे की ती पहिल्यांदा समजली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं : नेफ्रॉनची नळी लांब खाली जाते, वळण घेते, परत वर येते आणि नेमकी आपल्याच धमनीला येऊन टेकते. तिथं नळीतल्या पेशी समोरून जाणाऱ्या द्रवात मीठ किती उरलंय ते जोखतात आणि शेजारच्या पेशींना कळवतात. तिसरी गोष्ट म्हणजे मज्जातंतू. भीती, राग, धावपळ यांच्या वेळी ज्या मज्जासंस्थेनं छाती धडधडते, तिचेच तंतू या पेशींपर्यंत पोचलेले असतात.

तर कारखानदाराचं टेन्शन इथं येतं. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. मेटोप्रोलॉलसारखी गोळी हृदयाचे ठोके कमी करते हे सगळ्यांना माहीत असतं. ती याच तंतूंचा निरोप अडवून किडनीतलं रेनिनही कमी करते, हे मात्र क्वचित कुणी सांगतं.

रेनिन सुटलं म्हणजे दाब चढला, असं मात्र नाही. रेनिन स्वतः कुठल्याही रक्तवाहिनीला हात लावत नाही. ते एन्झाइम आहे, त्याचं काम तोडायचं. तोडायला जे प्रथिन लागतं ते तयार होतं लिव्हरमध्ये. त्याचं नाव अँजिओटेन्सिनोजेन. रक्तात ते सदा फिरत असतं, निरुपद्रवी. रेनिन त्याच्या टोकाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा तोडतं. हा तुकडा, अँजिओटेन्सिन एक, तोही जवळजवळ निकामीच. त्यातून आणखी दोन अमिनो आम्लं गळाली आणि आठच उरली, की मग तो अँजिओटेन्सिन दोन होतो. तो मात्र जबर. तो रक्तवाहिन्या आवळतो, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडायला लावतो, मेंदूत तहान जागी करतो. अल्डोस्टेरॉन किडनीला सांगतं, मीठ सोडू नको. मिठामागं पाणी थांबतं. हे सगळं उरकून तो अँजिओटेन्सिन मिनिटभरात नाहीसाही होतो.

ती शेवटची दोन अमिनो आम्लं तोडणारं एन्झाइम कुठलं? नाव सरळसोट आहे : अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम, थोडक्यात एसीई. लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते १९५६ साली घोड्याच्या रक्तात सापडलं. त्यामुळं ते रक्तातच काम करत असणार असं सगळे धरून चालले. पण रक्तात ही तोडणी फार सावकाश होत होती, शरीरातला वेग त्याला जुळेना. १९६७ मध्ये लंडनला एन्ग आणि जॉन व्हेन यांनी दाखवलं की खरं काम फुप्फुसात होतं. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर हे एन्झाइम दाटीनं बसलेलं असतं, आणि शरीरातलं रक्त दर फेरीला तिथून जातंच जातं. एसीई इतरही रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतं, किडनीत असतं, आतड्यात असतं. तरी अँजिओटेन्सिनच्या बाबतीत फुप्फुसाचा मान मोठा. दाबाचा आणि श्वासाच्या अवयवाचा असा संबंध असेल हे त्याआधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात रांगेत उभं राहिलं की मला हे सगळं एका ताटात मांडलेलं दिसतं. कलेजी, गुर्दे, फुप्फुस. गिऱ्हाईक म्हणतं, ‘कलेजी घाला की थोडी, गुर्दा एक घाला.’ गुर्द्याभोवतीच्या चरबीत, वरच्या टोकाला ती चिमुकली ॲड्रिनल ग्रंथीही असते. कसाई ती चरबीसकट झटक्यात काढून बाजूला टाकतो, बघतही नाही. चार वेगवेगळे अवयव, एका नसेनं बांधलेले नाहीत, आणि चौघांपैकी कुणाजवळही पूर्ण काम नाही. माझ्या मागचा माणूस एकदा म्हणाला, ‘काका, सरका की पुढं.’ मी गुर्द्याकडं बघत होतो हे त्याला कसं सांगणार?

(परीक्षेला बसणाऱ्यांसाठी : यातली एन्झाइमं दोनच, रेनिन आणि एसीई. अँजिओटेन्सिनोजेन हे प्रथिन, अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक. पेपरात गल्लत करू नका.)

फुप्फुसाचं हे काम आमच्या घरात आईच्या खोकल्यानं सिद्ध झालं. आईला रामिप्रिल सुरू होती. दाब छान आटोक्यात आला, पण काही आठवड्यांनी कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, घशात नुसती खवखव, आणि रात्री आडवं झालं की जास्त. तिनं हळद-दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळला, ओवा भाजून हुंगला. शेजारच्या अक्कांनी सांगितलेला अडुळशाचा काढाही झाला. मी म्हटलं, ‘आई, खोकला गोळीचा असेल.’ ती म्हणाली, ‘प्रेशरच्या गोळीनं खोकला कसा येईल रे? काय पण सांगतोस की!’ मुलगा औषधाच्या दुकानात असला तरी आईच्या लेखी तो मुलगाच असतो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं. त्यांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली आणि महिन्याभरात खोकला गेला. अडुळशाच्या काढ्याला श्रेय मिळालं ते मिळालंच.

कारण असं की एसीई दोन कामं करतं. एका हातानं अँजिओटेन्सिन बनवतं, दुसऱ्या हातानं ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं त्या साऱ्या गोळ्या एसीईचा हात धरतात. मग दोन्ही कामं थांबतात. अँजिओटेन्सिन कमी होतं, म्हणून दाब उतरतो. ब्रॅडीकायनिन मोडलं जात नाही, म्हणून ते श्वासनलिकांमध्ये साठतं आणि खवखव करतं. खोकल्याचं मुख्य कारण म्हणून याच्याकडंच बोट दाखवलं जातं. ‘सार्टन’वाल्या गोळ्या एसीईला हात लावत नाहीत. अँजिओटेन्सिन जिथं जाऊन बसतो ती जागाच त्या अडवतात. म्हणून तिथं खोकला सहसा येत नाही.

या ‘प्रिल’चा उगम सापाच्या विषात आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप असतो. त्याचं विष रक्तात मिसळलं की दाब झपाट्यानं कोसळतो. त्या विषावर काम करताना रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४९ च्या सुमारास ब्रॅडीकायनिन सापडलं. त्यांच्याच परंपरेतल्या सेर्जिओ फेरेरा यांना १९६५ मध्ये त्याच विषात आणखी एक गोष्ट सापडली : ब्रॅडीकायनिनला मोडू न देणारा घटक. फेरेरा तो अर्क घेऊन लंडनला व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं तो एसीईवर घालून बघितला आणि एसीई थंडावलं. विषातली ती प्रथिनं तोंडानं घेऊन उपयोग नव्हता, पोटात पचून गेली असती. मग अमेरिकेत ऑन्डेटी आणि कुशमन यांनी तेच काम करणारा छोटा रेणू बनवला, कॅप्टोप्रिल. १९८१ साली तिथं त्याला परवानगी मिळाली. योगायोग बघा, त्याआधी जगाला बीपीचं मोठं औषध भारतातून मिळालं होतं, तेही सापाचं नाव लावणारं : सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचा बीपीवरचा गुण रुग्णांच्या नोंदींसह छापला आणि जगभरचे डॉक्टर ती मुळी मागू लागले. पुढं तिच्यातल्या रेसर्पीननं काही जणांचं मन खचतं असं दिसल्यावर ती मागं पडली. वकिलांचं नाव मात्र आपण फारच लवकर विसरलो, असं माझं मत आहे.

आता माझ्या मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट सांगतो. ही सगळी यंत्रणा कशासाठी आहे? बीपी वाढवून माणसाला मारण्यासाठी तर नक्कीच नाही. तिची तीनही निमित्तं पुन्हा बघा. दाब पडला, मीठ संपत आलं, जीव धोक्यात आला. रक्त वाहून गेलेल्या, उन्हात घामानं निथळलेल्या, मीठ-पाण्यावाचून अडलेल्या प्राण्याला जगवण्याची ही सोय आहे. थोडक्यात, ही दुष्काळाची यंत्रणा आहे. आणि दुष्काळ म्हणजे काय हे सोलापूरकराला कुणी शिकवायला नको. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथं तळं खोदलं ते हौस म्हणून नव्हे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकतो, त्यांनी दुष्काळात बादशहाची कोठारं उघडली ती. उजनीसारखं भलंमोठं धरण जिल्ह्यात असूनही शहराच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाणी यायच्या वेळी आमच्या गल्लीत जी धावपळ होते ती बघावी : हौद, पिंपं, घागरी, बादल्या, शेवटी पातेली आणि तांब्येसुद्धा. आमची आई तर पुण्याला माझ्या बहिणीकडं गेली तरी हेच करते. तिथं रोज पाणी येतं, बहीण हात जोडते, ‘आई, नको गं भरू’, पण आई सकाळी उठून सगळी भांडी भरून ठेवते आणि मग घरात चालायला जागा उरत नाही. किडनीचंही असंच झालंय. तिनं लाखो वर्षं मिठाचा दुष्काळ काढलाय. आता मीठ पन्नास वाटांनी घरात येतंय, आणि तिचा भरून ठेवायचा हात थांबत नाही.

किडनीच्या काटकसरीचा आकडाच बघा. दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव ती गाळते आणि बाहेर सोडते ते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं, पाणी आणि मीठ, परत आत. देशावर, समुद्रापासून लांब, मीठ ही एके काळी विकत आणायची जपून वापरायची वस्तू होती. सोलापूरच्या आसपास तांड्यांवर राहणाऱ्या लमाण-बंजारा मंडळींचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखातून हिंडायचे. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे चमचाभरही नाही. आमची शेंगा चटणी, कडक भाकरी, ठेचा, लोणचं, तळलेला पापड, संध्याकाळी खारे दाणे. पाच ग्रॅमची मर्यादा दुपारच्या आतच मागं पडत असणार. शेंगा चटणीवर मी इथं एक शब्दही वाईट बोलणार नाही, मला याच गावात राहायचंय. पण दही घालून खाताना वरून पुन्हा मीठ भुरभुरणारे लोक आहेत, त्यांना विचारावंसं वाटतं, कशासाठी?

मिठावाचून माणसाचं काय होतं याचा पुरावा ॲमेझॉनच्या जंगलात आहे. तिथले यानोमामी लोक जेवणात मीठ घालतच नाहीत. १९७५ मध्ये त्यांच्यावरचा एक अभ्यास छापला गेला, आणि १९८८ च्या इंटरसॉल्ट या ३२ देशांतल्या ५२ गटांच्या मोठ्या पाहणीतही ते होते. त्यांचा सरासरी दाब ९६ वर ६१ च्या आसपास निघाला, आणि वय वाढेल तसा तो चढतही नव्हता. मला चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांच्या शरीरात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन भरपूर होतं. आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे रेनिन जास्त आणि दाब कमी! यंत्रणा पूर्ण जोरात चालू होती, पण साठवायला मीठच नव्हतं, त्यामुळं तिनं जेवढं करायचं तेवढंच केलं. रेनिनला खलनायक ठरवणाऱ्यांनी ही माणसं विसरू नयेत.

याची उलटी बाजू माझ्या काउंटरवर रोज दिसते. वय झालेल्या, मीठ भरपूर खाणाऱ्या पुष्कळ लोकांत रेनिन उलट कमीच असतं. पिंपं काठोकाठ भरलेली असल्यावर किडनी रेनिन कशाला सोडेल? तरीही दाब चढलेला असतो, कारण साठा आधीच झालेला असतो. अशांना नुसत्या प्रिल-सार्टननं थोडाच फरक पडतो. त्यांना लघवी वाढवून मीठ बाहेर काढणारी गोळी किंवा रक्तवाहिन्या सैल करणारी अम्लोडिपिन जास्त मानवते. शेजारणीची गोळी ‘मलाबी तीच द्या, तिला लई गुण आला’ म्हणून मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो ते यासाठी. दोघींचा आकडा एकच असू शकतो, १६० वर १००, आणि तो तिथवर पोचण्याची वाट वेगळी.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत हा एसीई एकदम गावभर झाला होता. विषाणू पेशीत शिरतो तो एसीई-टू नावाच्या दारानं, अशी बातमी आली. नावात एसीई बघून काही लोकांनी प्रेशरच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. एसीई-टू हे २००० साली सापडलेलं वेगळं एन्झाइम. अँजिओटेन्सिन दोनला मोडून ते दाब उतरवण्याच्या बाजूचं काम करतं. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० च्या मार्चमध्येच सांगितलं की गोळ्या बंद करू नका, आणि पुढच्या चाचण्यांत ते बरोबर निघालं. तेव्हा काउंटरवर प्लास्टिकच्या पडद्याआडून ओरडून ओरडून हे समजावताना घसा बसला होता.

मे महिन्यात मात्र माझी भीती उलट्या बाजूनं असते. पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये माग चालतात, माणसं घामानं भिजून जातात. त्यात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या की शरीराला खरोखरचा दुष्काळ पडतो. यंत्रणा ज्यासाठी आहे तो क्षण येतो आणि नेमकं तेव्हा आपण गोळीनं तिचे हात बांधून ठेवलेले असतात. चक्कर येते, लघवी कमी होते. अशा वेळी गोळी चालू ठेवायची की दोन दिवस थांबायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं असतं, इतकंच मी सांगतो. स्वतःच्या मनानं दोन्हीही करू नये.

आणि त्यात भर म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. एसीई फुप्फुसात काम करतं हे दाखवणाऱ्या त्याच व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं ते प्रोस्टाग्लँडिनवरच्या कामासाठी, ॲस्पिरिन दुखणं कसं थांबवतं याच्या उलगड्यासाठी. ही प्रोस्टाग्लँडिनं किडनीत रक्त आणणारी ती बारीक धमनी उघडी ठेवायला मदत करतात. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतली की ती मदत थांबते. सार्टन, लघवीची गोळी आणि वर डायक्लोफेनॅक, असे तिन्ही एकत्र आले की किडनी तीन बाजूंनी कोंडीत सापडते. शिवाय डायक्लोफेनॅकनं दाबही वाढतो.

परवा एक मावशी आल्या. दिवसभर मांडी घालून विड्या वळतात, गुडघे गेलेत. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र असलेली पट्टी त्या दर महिन्याला माझ्याकडूनच नेतात. त्या दिवशी त्यांना दुखण्याची ‘पावरफुल’ गोळी हवी होती. मी विचारलं, क्रिएटिनीन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची तपासणी), पोटॅशियम कधी तपासलंय का? अल्डोस्टेरॉन दबलं की पोटॅशियम शरीरात साठू शकतं, म्हणून या गोळ्यांवर असलेल्या माणसानं ही तपासणी अधूनमधून करायची असते. हे मी त्यांना शक्य तेवढं सोपं करून सांगितलं.

‘गुडघा दुखायलाय माझा,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच्यात किडनी कुठून आली मध्येच?’

‘मावशी, प्रेशर तिथंच ठरतं.’

‘प्रेशर तर टेन्शननं येतंय. पोरगं काम करंना झालंय, मी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?’

सांगितलं होतं. मी मलमाची ट्यूब दिली आणि तपासणीचं कागदावर लिहून दिलं. त्यांनी कागद चारदा घडी घालून बटव्यात ठेवला, पैसे मोजून दिले आणि म्हणाल्या, ‘बघू, बचतगटाचा हप्ता झाल्यावर.’ पुढच्या महिन्यात पट्टी न्यायला येतील तेव्हा विचारणार आहे.